नक्की काय करता तुम्ही?

मावशीच्या घरचे गणपती होते. मला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते. आरतीनंतर खिरापत वाटता वाटता काकांनी विचारलं, ‘‘सरकारी दवाखान्यात लागलीस म्हणे. नर्स का?’’

‘‘नाही काका, समाजसेवा अधीक्षक.’’

अधीक्षक हा शब्द काकांना आवडला. पण समाजसेवा आणि अधीक्षक हे दोन शब्द शेजारी शेजारी बसत नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, ‘‘म्हणजे नक्की करतेस काय?’’

मी सांगायला लागले. एखाद्या पेशंटकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असतं, पण त्यात त्याचं नावच नसतं, मग त्याला योजनेत कसं बसवायचं ते बघायचं. योजनेत बसत नसेल तर ट्रस्टना पत्रं लिहायची. पोलिसांनी आणून टाकलेल्या बेवारस माणसाचं गाव शोधायचं. बरं झालेल्या म्हाताऱ्याला घरचे न्यायला येत नाहीत, त्यांना फोन करायचे. दारू सुटत नाही त्याच्याशी बोलायचं आणि त्याच्या बायकोशीही, वेगळं. पाय कापलेल्याला जयपूर फूटचा पत्ता द्यायचा. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणजे सगळ्यांची कामं तू करतेस. मग तुझं काम कोणतं?’’

मी मोदक खाल्ला आणि विषय बदलला.

बऱ्याच दिवसांनी कळलं, की काकांचा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारून झालाय. तोही भर परिषदेत.

मे १९१५. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात धर्मादाय आणि सुधारगृहांचं काम करणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थांना बोलावलं होतं. हे साधेसुधे पाहुणे नव्हते. पाचच वर्षांपूर्वी, १९१० साली, त्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावर असा अहवाल लिहिला होता, की पुढे कितीतरी सुमार मेडिकल कॉलेजांना टाळं लागलं. अशा माणसाला परिषदेने विषय दिला : समाजकार्य हा व्यवसाय आहे का? व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. डॉक्टरी, वकिली या अर्थाने. बोलावणाऱ्यांना अर्थातच ‘हो’ ऐकायचं होतं.

फ्लेक्सनर ‘नाही’ म्हणाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही मधले लोक आहात. आजार असेल तर तुम्ही डॉक्टर गाठून देता, शिक्षण हवं असेल तर शाळा, कायद्याचं काम असेल तर वकील. हे सगळं चांगलं आहे, पण तुमचं स्वतःचं असं क्षेत्र कुठाय? तुमच्या हातात असं कोणतं तंत्र आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही?

थोडक्यात, सगळ्यांची कामं तू करतेस, मग तुझं काम कोणतं?

हे भाषण समाजकार्याच्या लोकांना इतकं लागलं, की पुढची कित्येक वर्षं ते त्याचं उत्तर देत राहिले. मी ते एमएसडब्ल्यूला पहिल्या वर्षात ‘पाच गुणांची टीप’ म्हणून पाठ केलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते. पुन्हा शोधून वाचलं ते काकांमुळे नाही. एका बाईमुळे.

तिचं नाव सांगणार नाही. चोवीस वर्षांची होती, दीड वर्षाची मुलगी, नवरा टेम्पो चालवायचा. मानेला गाठ आली होती. तपासणीत गाठीचा टीबी निघाला. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून पसरतो, हा पसरत नाही. सहा महिने गोळ्या नीट घेतल्या तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तिने घरी सांगितलं होतं, थायरॉइड आहे. गोळ्या ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची. मला हे सगळं तिनेच सांगितलं होतं, पहिल्याच भेटीत, माझ्या टेबलाशी स्टूल अगदी जवळ ओढून.

तिसऱ्या महिन्यात ती गोळ्या न्यायला आली नाही. फोन बंद. चौथा आठवडा लागला तेव्हा मी होम व्हिजिटला गेले.

पुढचं सांगण्याआधी ही होम व्हिजिट आली कुठून ते सांगते. कारण तिचा इतिहास मला तेव्हा माहीत असता, तर कदाचित मी त्या दारात जरा वेगळी उभी राहिले असते.

१८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. शहरात दानधर्म भरपूर होता, पण तो कसाही वाटला जातो, लबाड माणूस चार ठिकाणांहून मदत घेतो आणि खरा गरजू उपाशी राहतो, अशी संस्थेच्या लोकांची तक्रार होती. उपाय काय, तर चौकशी. प्रत्येक अर्जदाराच्या घरी जायचं, चूल बघायची, शेजाऱ्यांना विचारायचं, नोंद ठेवायची. मग ठरवायचं, हा मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’. अमेरिकेत १८७७ साली बफेलो शहरात अशीच संस्था निघाली आणि तिथून ही पद्धत शहरोशहरी पसरली. घरी जाणाऱ्या बहुतेक बाया सुखवस्तू घरांतल्या होत्या. त्यांना म्हणायचे ‘स्नेही भेटकर्त्या’. नाव किती गोड! पण दार उघडणाऱ्या बाईला नक्की ठाऊक असणार की स्नेही आत आल्यावर आधी डबे बघते.

मी ज्या खुर्चीत बसते तिचा जन्मही याच घराण्यातला. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट यांची ‘आल्मोनर’ म्हणून नेमणूक झाली. हॉस्पिटलात नेमलेली ही पहिली समाजकार्यकर्ती. त्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीतूनच आल्या होत्या आणि त्यांना नेमण्यामागचा मोठा हेतू हा, की फुकट उपचार घेणाऱ्या गर्दीतून ऐपत असलेले लोक वेगळे काढावेत. म्हणजे आपल्या पेशाची आद्य बाई दारावरची तपासनीस होती. (‘कार्ड दाखवा’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, हे मी एकदा मोजलं होतं. आकडा इथे देत नाही.)

पण मेरीबाई गर्दीशी बोलायला लागल्या आणि काम बदललं. चौकशी करता करता दिसायला लागलं, की फसवणारे थोडेच आहेत. बहुतेकांना औषध मिळतं, पण औषधासोबत जे लागतं ते मिळत नाही. पोटभर अन्न, विश्रांती, घरी कोणीतरी सांभाळणारं.

अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हेच डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आलं. बाह्यरुग्ण विभागात ते लोकांना सल्ले द्यायचे. विश्रांती घ्या, दूध प्या, हवापालट करा. आणि मग त्यांच्या मनात यायचं, हा माणूस हे कुठून आणणार? १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या परिचारिकेला या कामावर घेतलं. हॉस्पिटल पैसे द्यायला तयार नव्हतं; पगार कॅबट स्वतः द्यायचे. पेल्टनबाईंनी सहा महिने काम केलं असेल-नसेल, त्यांनाच क्षय झाला आणि काम सोडावं लागलं. त्यांच्या जागी आल्या आयडा कॅनन, आणि त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं हा विभाग उभा केला, वाढवला.

क्षयाच्या पेशंटमागे धावणारी पहिली बाई क्षयानेच खुर्ची सोडून गेली, हे वाचलं त्या दिवशी मी ओपीडीत मास्क नाकावर नीट ओढून घेतला. आमच्याकडे मास्क मागितले तर अजूनही स्टोअरवाले आधी विचारतात, ‘तुम्हाला कशाला?’

फ्लेक्सनरना उत्तर द्यायचा सगळ्यात मोठा प्रयत्न मेरी रिचमंड यांनी केला. या बाई शिक्षणाने मोठ्या नव्हत्या. बाल्टिमोरच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीत १८८९ साली हिशेब सांभाळायला लागल्या आणि तिथेच हे काम शिकल्या. १९१७ साली त्यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ हे जाडजूड पुस्तक आलं. डॉक्टर जसा निदान करतो तसं समाजकार्यकर्त्याने माणसाच्या परिस्थितीचं निदान कसं करावं, पुरावा कोणता धरावा, ऐकीव कोणतं, नातेवाइकांशी कधी बोलावं, मालकाशी कधी, याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. म्हणजे फ्लेक्सनर म्हणाले तुमच्याकडे तंत्र नाही, तर हे घ्या तंत्र.

याचा एक परिणाम असा झाला, की सगळे तंत्राच्या मागे लागले. हॉस्पिटलातली समाजकार्यकर्ती वेगळी, शाळेतली वेगळी, मनोरुग्णालयातली वेगळी. प्रत्येकीची संघटना वेगळी. भाषाही वेगळी व्हायला लागली. म्हणून १९२३ साली पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या गावी वेगवेगळ्या शाखांचे लोक एकत्र जमले. पुढची काही वर्षं ते जमत राहिले आणि १९२९ साली त्यांचा अहवाल आला. प्रश्न असा होता, की आपल्या सगळ्यांत सारखं काही आहे का? उत्तर निघालं, की जे सारखं आहे तेच जास्त महत्त्वाचं आहे, शाखा नंतर. आज ज्याला ‘जनरलिस्ट’ समाजकार्य म्हणतात त्याचं बी इथे सापडतं. एकाच माणसाने व्यक्तीशी, कुटुंबाशी, वस्तीशी, कार्यालयाशी आणि गरज पडल्यास कायद्याशीही काम करायचं. प्रश्न जिथे घेऊन जाईल तिथे जायचं.

पण बी सापडलं म्हणून झाड तिथलंच असं नाही. कागदावर यायच्या कितीतरी आधी शिकागोत जेन अॅडम्स हे करत होत्या. १८८९ साली त्या आणि एलन गेट्स स्टार स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत राहायला गेल्या आणि ‘हल हाउस’ सुरू झालं. चौकशी करून परत जायचं नाही. तिथेच राहायचं, शेजारी व्हायचं. मग शेजारपणातून कामं निघत गेली. कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर, संध्याकाळचे वर्ग, वाचनालय. आणि कचरा. वस्तीत कचरा उचलला जात नव्हता, मुलं आजारी पडत होती. तक्रारी करून काही होईना, तेव्हा अॅडम्सबाईंनी कचऱ्याचं कंत्राटच मागितलं. ते मिळालं नाही, पण १८९५ साली महापौरांनी त्यांना वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. सकाळी सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे फिरायच्या. एका गल्लीत तर दीड फूट कचरा उपसल्यावर खाली फरसबंदी रस्ता सापडला. तिथे रस्ता आहे हेच लोक विसरले होते. याच बाईंना पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं.

आता फ्लेक्सनरना विचारावंसं वाटतं, की बाळ आजारी पडलं तर डॉक्टर गाठून देणं हे मधल्याचं काम, मान्य. पण ते बाळ आजारी का पडतंय, हे बघत बघत कचऱ्याच्या गाडीपर्यंत पोहोचणं हे कोणाचं काम? डॉक्टरचं नाही. महापालिकेचं होतं, पण ती करत नव्हती.

शिकागोहून एक धागा थेट मुंबईत येतो. क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेले तरुण मिशनरी १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे इथे आले आणि त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ काढलं. शेजारघर म्हणू या. नागपाडा म्हणजे तेव्हा मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ वस्ती, हाकेच्या अंतरावर कामाठीपुरा, आजूबाजूला गिरण्या. काम करता करता मॅनशार्टना जाणवलं, की नुसत्या भल्या मनाने हे होत नाही. शिकवलेली माणसं हवीत. त्यांनी हे दोराबजी टाटा ट्रस्टला पटवलं. १९३६ साली नागपाड्यातच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. देशातलं, नव्हे, या भागातल्या देशांतलं समाजकार्याचं हे पहिलं विद्यालय. १९४४ साली त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ साली ते देवनारला गेलं. ‘टिस’ म्हटलं की आपल्याला देवनारची झाडं आठवतात. सुरुवात मात्र नागपाड्याच्या गजबजाटात झाली.

पहिल्या वर्षांत शिक्षण सगळ्यांना सारखंच होतं. शाखा वगैरे नंतर आल्या. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा इथली मुलं कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत कामाला गेली. छावणीत मेडिकल आणि फॅमिली असं कोण वेगळं करणार? हरवलेलं पोर शोधायचं, लस टोचून घ्यायला लावायचं, रांग लावायची, रडणाऱ्या बाईशेजारी बसायचं. १९४६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचं पहिलं पद भरलं गेलं. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालानेही अशा प्रशिक्षित लोकांची शिफारस केली होती. १९४८च्या सुमाराला मेडिकल आणि सायकियाट्रिकची वेगळी शाखा सुरू झाली. माझं टेबल इथून येतं.

ही झाली आमच्या पुस्तकातली गोष्ट. ती खरी आहे, पण अर्धी आहे. पुस्तक वाचून वाटतं, की समाजकार्य बोटीतून उतरलं आणि भायखळ्याला चालत गेलं.

मॅनशार्ट यायच्या चौदा वर्षं आधी, १९११ साली, ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजातला हा माणूस चाळींतून रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवत होता. गिरणगावातल्या माणसाला रात्रीच्या शाळेत बसवून त्याचा प्रश्न सुटत नाही, हे दिसल्यावर ते कामगार चळवळीत शिरले आणि १९२० साली आयटक स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत होते. वाचनालयापासून कामगार संघटनेपर्यंतचा हा रस्ता म्हणजे अॅडम्सबाईंचा बाळापासून कचऱ्याच्या गाडीपर्यंतचाच रस्ता. फक्त तो परळमधून जातो.

आणि त्याही मागे जायचं तर सावित्रीबाई. त्यांना मी शाळा काढणारी बाई म्हणून ओळखत होते, सगळे ओळखतात तसंच. पण १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाई फसवली जायची, दिवस जायचे, मग एक तर ती जीव द्यायची किंवा बाळाचा घ्यायची. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, असं त्यांनी सांगितलं. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दुष्काळात अन्नछत्रं चालवली. १८९७च्या प्लेगमध्ये यशवंत डॉक्टर म्हणून पुण्याजवळ रोग्यांवर उपचार करत होता. सावित्रीबाई आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्याच्याकडे आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

शाळा, बाळंतपण, पाणी, भूक, साथ. सांगा, यांना कोणत्या शाखेत घालायचं?

मी शिकले तिथे पहिल्या सत्रात रिचमंड होत्या, अॅडम्स होत्या. सावित्रीबाई तीन जानेवारीच्या कार्यक्रमात होत्या, फोटोला हार घालायला. आणि जात? ‘सामाजिक पार्श्वभूमी’ या रकान्यात. परदेशातून आलेल्या चौकटीत वर्ग, वंश, स्थलांतर यांना जागा होती. जातीला आम्ही जागा करून द्यायला हवी होती. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या कामात वसतिगृहं होती, वाचनालयं होती. कागदावर ही कामं कुठल्याही सेवा संस्थेसारखीच दिसतात. पण माणसाला मदत घ्यायला शिकवायचं की हक्क मागायला, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो सभेत पहिल्यापासून स्पष्ट होता.

इथे मला त्या गोड नावाच्या ‘समाजसेवा’ शब्दाविषयीही बोलायचंय. माझी पदवी ‘समाजकार्य’ आहे आणि पद ‘समाजसेवा’. पदवीचा शब्द अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी विचार करून निवडला, कारण सेवा म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. पण सरकारी पाटीवर सेवाच आहे. पेशंट दोन्ही म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘‘त्या फॉर्मवाल्या मॅडमकडे जा.’’

तर, होम व्हिजिट.

दार सासूने उघडलं. दहा बाय बाराची खोली, पोटमाळा, टीव्ही चालू. ती घरात नव्हती, पाणी भरायला गेली होती. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, दवाखान्यातून आलेय, सुनेच्या गोळ्या चुकल्यात. सासूने विचारलं, ‘‘कसल्या गोळ्या?’’

मला थांबता आलं असतं. ‘ती आल्यावर बोलते’ एवढंच म्हणता आलं असतं. पण माझ्या डोक्यात अभ्यासक्रम होता : कुटुंबाला उपचारात सहभागी करून घ्या. मला वाटलं, घरात कळलं तर लपवाछपवी संपेल, सासूच गोळ्या देईल. मी म्हटलं, ‘‘टीबीच्या. पण हा टीबी पसरत नाही.’’

दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही.

फेलिक्स बिस्टेक नावाच्या शिकागोतल्या एका जेझुइट फादरने १९५७ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात समाजकार्यातल्या नात्याची सात तत्त्वं आहेत. ती आम्हाला तोंडपाठ असतात. त्यातलं एक म्हणजे माणसाने आपला निर्णय आपण घ्यायचा. दुसरं म्हणजे त्याने विश्वासाने सांगितलेलं आपल्यापाशी ठेवायचं. ही दोन्ही मी साडेतीन ते पावणेचारच्या दरम्यान मोडली, आणि तेही तिच्या भल्यासाठी.

आजार पसरणारा असता तर प्रश्न अवघड झाला असता. घरच्यांची तपासणी करावी लागली असती, मला काही ना काही सांगणं भाग होतं. पण तो पसरणारा नव्हता. मला सांगायची काहीच गरज नव्हती. मी चौकशीला गेले आणि चौकशीवालीसारखी वागले. १८६९ सालच्या लंडनमधली ती स्नेही बाई कुठे गेली नव्हती.

विस्कॉन्सिनमधले अॅलन पिंकस आणि अॅन मिनाहन यांचं १९७३ सालचं एक पुस्तक आहे, जनरलिस्ट पद्धतीची मांडणी करणारं. त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ते म्हणतात, तुमच्याकडे मदत मागायला आलेला माणूस आणि ज्याच्यात बदल घडवायचाय तो, हे दोघे एकच असतील असं धरून चालू नका. माझ्याकडे आलेली बाई गोळ्या चुकवत होती म्हणून मी तिच्यात बदल करायला निघाले. नंतर कळलं, की दवाखान्याची गोळ्या द्यायची वेळ आणि तिच्या गल्लीत पाणी यायची वेळ एकच होती. पाणी भरायला दुसरं कोणी नव्हतं, आणि रोज ‘थायरॉइडला’ कशाला जातेस, हे सांगता येत नव्हतं. बदलायची होती ती आमच्या खिडकीची वेळ. ती मी नंतर बदलून घेतली. त्यासाठी सात महिने, चार पत्रं आणि एका चांगल्या फार्मासिस्टचा भिडस्तपणा लागला. खरं तर हेच माझं काम. काकांना सांगायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी ती आली, सोबत तिची आई आणि एक मोठी पिशवी. उपचार माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलून हवा होता. कागद करेपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती. निघताना म्हणाली, ‘‘मला विचारून यायचं होतंत, मॅडम.’’

तिने उपचार पूर्ण केला, हे मला नोंदीवरून कळलं. माझ्या वार्षिक अहवालात ती ‘बरी झाली’ या रकान्यात आहे. त्या अहवालात दुसरा रकाना नाही.

एक वर्ष गेलं असेल. ओपीडी संपत आली होती, मी डबा उघडत होते. समोर ती. मुलगी कडेवर, चांगली मोठी झाली होती. माझी तिला काही आठवण करून द्यायची नव्हती, कामाला आली होती. माहेरच्या रेशनकार्डात दोघींची नावं चढवायची होती. त्यासाठी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि सासरचे कार्ड द्यायला तयार नव्हते. मुलीची अंगणवाडी, पुढे शाळा, योजना, सगळं त्या कागदावर अडलं होतं.

आमच्या दवाखान्याशी या कामाचा तसा काही संबंध नव्हता. ती आमची पेशंटही नव्हती आता. मी डबा बंद केला, शिधावाटप कार्यालयाचा नंबर काढला आणि फोन उचलला. मग खाली ठेवला.

‘‘फोनवर काय सांगू? आणि काय नको?’’

ती विचारात पडली. मुलीने माझा स्टेपलर उचलला होता, तो तिच्या हातातून काढून घेत म्हणाली, ‘‘वेगळी राहते एवढंच सांगा. आजाराचं काही नको.’’

मी नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. मग पलीकडून कोणीतरी उचललं आणि म्हणालं, साहेब जेवायला गेलेत, तीननंतर करा. दोन वीस झाले होते. ‘‘थांबतेस?’’ मी विचारलं. तिने स्टूल ओढलं आणि बसली. जरा लांब.